रात्री दीडचं विमान, सकाळी सातला न्यूयॉर्क?

रत्नागिरीजवळ पावसला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. जानेवारीत एक काकू तिकिटाची प्रिंट काढायला आल्या, लेकीच्या बाळंतपणाला निघाल्या होत्या. विमान मुंबईहून रात्री दीडला सुटणार, न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी सातला उतरणार. काकू म्हणाल्या, "साडेपाचच तास? आपली बोरिवली एसटी याहून जास्त घेते रे!"

तिकिटावर ज्या त्या गावचं घड्याळ छापलेलं असतं. म्हणून आधी दोन्ही वेळा आपल्या घड्याळात आणायच्या. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे. तिथले सकाळचे सात म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच. रात्री दीडपासून मोजा, सोळा तास भरतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे सरकतात. तेव्हापासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत फरक साडेनऊच धरायचा.

पडताळा घ्यायचा तर अंतर काढा. सपाट नकाशावर पट्टी ठेवू नका, फसाल. मी मुलाचा पृथ्वीगोल काढला, ३० सेंटीमीटर व्यासाचा, आणि मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणला. काकूंना वाटलं होतं अरबस्तान, आफ्रिका करत सरळ पश्चिमेला जायचं. दोरा चढला उत्तरेला! सेंट पीटर्सबर्गजवळून, आइसलंडवरून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाशी लगट करून खाली उतरला. भरला साडेएकोणतीस सेंटीमीटर. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर, या गोलाचा ९४ सेंटीमीटर, म्हणजे सेंटीमीटरला सव्वाचारशे. गुणाकार केला की साडेबारा हजार किलोमीटर.

विमान वर गेल्यावर तासाला ९०० च्या आसपास धावतं, पण चढउतार धरून साडेआठशेनेच भागा. पंधरा तास येतात. वर वारा पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो, जाताना तो समोरून लागतो आणि विमानाची वाटही दोऱ्याइतकी सरळ नसते, म्हणून सोळा. येताना वारा पाठीशी, तास-दीड तास वाचतो.

एवढं करून आपला हायवे उरतोच. मुंबईपर्यंतच्या साडेतीनशे किलोमीटरला नऊ तास धरा (विमानाला तेवढ्याला पंचवीस मिनिटं पुरतात, असो). विमानतळावर तीन तास आधी.

आणि तारीख! इथे मीच एकदा माती खाल्ली आहे. सख्ख्या मेव्हण्याला तोंडी सांगितलं, "१२ ला रात्री दीडचं." तो १२ ला सकाळी पेट्या बांधत बसला, विमान केव्हाच उडालं होतं. वर्षभर बोलला नाही माझ्याशी. तेव्हापासून प्रिंटवर लाल पेनाने लिहून देतो. काकूंचं विमानही १२ चंच, म्हणून हायवेसाठी हाताशी वेळ ठेवून त्यांच्या तिकिटावर लिहिलं: '११ तारखेला सकाळी ९ ला घर सोडणे.'