पेपर टाकण्याआधी सॅलरी स्लिप नीट वाचा

माझा मावसभाऊ पुण्यात हिंजवडीच्या आयटी पार्कात फेज तीनला सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करतो. नोकरीला दोन वर्षं झाली. मागच्या रविवारी कोथरूडला आमच्याकडे जेवायला आला आणि ताटावर बसल्या बसल्या म्हणाला, "ताई, उद्या पेपर टाकतोय, राजीनामा देतोय. या पगारात काही भागत नाही." जेवण होईपर्यंत मी काही बोलले नाही. ताटं उचलल्यावर म्हटलं, ऑफर लेटर आणि सॅलरी स्लिप मोबाइलवर उघड, आणि वही घे. संध्याकाळी सात वाजेपर्यंत आम्ही बसलो होतो. दहा वर्षांपूर्वी माझ्यासोबत असं कुणी बसलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून त्याला जे सांगितलं ते इथे लिहितेय.

'पगार कमी आहे' आणि 'पगार पुरत नाही' ही दोन वेगळी दुखणी आहेत. आपल्याला नेमकं कुठलं आहे ते आधी बघायचं, कारण पहिल्याला कदाचित नोकरी बदलावी लागेल, दुसऱ्याला खोली बदलूनही उतार पडतो. पुष्कळांना दोन्ही असतात. माझ्या भावालाही दोन्ही निघाली.

सुरुवात स्लिपपासून. त्याचं पॅकेज, म्हणजे कंपनी वर्षाला त्याच्यावर करते तो सगळा खर्च, 3.60 लाख; महिन्याला 30,000. हातात येतात 23,478. मधले साडेसहा हजार कुठे जातात हे त्याने दोन वर्षांत कधी बघितलंच नव्हतं. आम्ही एकेक ओळ वहीत उतरवली. बेसिक 15,000. त्यावर 12 टक्क्यांनी कंपनीचा पीएफ (भविष्यनिर्वाह निधी) 1,800 आणि तेवढाच त्याच्या पगारातून कापलेला. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते ती रक्कम, बेसिकच्या 4.81 टक्के, म्हणजे 722. विम्याचा हप्ता 500. व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारा पगार, 1,500, तोही रेटिंग चांगलं आलं तर वर्षाअखेरीस मिळणार. आणि प्रोफेशनल टॅक्स 200, फेब्रुवारीत 300.

यातला पीएफ आपलाच आहे, तो बुडाला असं समजू नका. कंपनीच्या हिश्शातले 1,250 मात्र पेन्शनच्या खात्यात जातात. ग्रॅच्युइटी कायम नोकरीत साधारण पाच वर्षं पूर्ण केल्याशिवाय मिळत नाही, त्यामुळे दोन-तीन वर्षांत निघणार असाल तर ती रक्कम पॅकेजमधून सरळ वजा करा. इन्कम टॅक्सची चिंता या पगाराला नाही. 2025-26 पासून नव्या पद्धतीत 12.75 लाखांपर्यंतच्या पगारावर कर लागत नाही.

मग खर्च मांडला. कर्वेनगरला मित्रांसोबत खोली, त्याचा वाटा 6,500. मेस 3,600. पेट्रोल 3,000. शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता 5,200. घरी बार्शीला 3,000. उरतात 2,178, त्यात मोबाइल, औषधपाणी, कपडे, मित्राच्या लग्नाचा आहेर. त्यानंतर मी वेळ मोजायला लावली. ऑफिसचे नऊ तास आणि चांदणी चौक, हायवे, हिंजवडीच्या चौकातली रांग मिळून येण्याजाण्याचे तीन. महिन्याचे 22 दिवस धरले तर 264 तास. तासाला 89 रुपये पडतात. हा आकडा बघून तो बराच वेळ गप्प होता.

हिंजवडीजवळ वाकडला खोली घेतली तर भाडं हजाराने वाढेल, पण पेट्रोलचे दोन हजार वाचतील आणि रोजचे दोन तास हातात येतील. त्या दोन तासांत तो ऑटोमेशन, म्हणजे प्रोग्रॅम लिहून टेस्टिंग करणं, शिकू शकतो आणि पुढची उडी त्यावरच मारता येते. मॅन्युअल टेस्टिंगच्या बळावर किती वाढेल याला मर्यादा आहे, हे मी याच कामात असल्यामुळे ठामपणे सांगते.

आता पगार खरंच कमी आहे का, हे कसं कळणार? आपल्याकडे लग्नात भेटलेला कुणीही लांबचा काका 'पॅकेज किती?' म्हणून विचारतो, पण शेजारच्या डेस्कवरचा मित्र आकडा सांगत नाही. म्हणून त्याचा पगार विचारूच नका. 'तुमच्याकडे दोन वर्षांच्या अनुभवाला काय देतात?' असं विचारा, लोक मोकळेपणाने बोलतात. आपल्याच बॅचच्या, आपल्याच कामातल्या निदान पाच जणांना विचारा आणि प्रत्येकाला फिक्स्ड, म्हणजे व्हेरिएबल सोडून, किती हे वेगळं विचारा. दोन ठिकाणी इंटरव्ह्यू द्या. बाजारभाव त्यातून कळतो तसा कुठूनच कळत नाही, आणि इंटरव्ह्यू दिला म्हणजे नोकरी सोडलीच पाहिजे असं नाही.

सोडण्याआधी एकदा मागून बघा. एप्रिलची हाइक (पगारवाढ) बहुतेक ठिकाणी जानेवारी-फेब्रुवारीतच ठरलेली असते. पत्र हातात आल्यावर रडून उपयोग नसतो. जानेवारीत मॅनेजरची अर्ध्या तासाची वेळ घ्या. घरभाडं, हप्ता, पुण्याची महागाई यांतलं काही काढू नका. वर्षात काय केलंत ते सांगा: कुठल्या रिलीजला किती बग पकडले, कुणाचं काम अंगावर घेतलं, क्लायंटने कशाबद्दल मेल केला. मग आकडा सांगा आणि थांबा. त्या शांततेला घाबरून स्वतःच आकडा खाली आणू नका. 'बघू' असं उत्तर आलं तर कधीपर्यंत, ते विचारा आणि बोलणं झाल्यावर मेलवर दोन ओळी टाका.

तरी जमलं नाही तर बाहेर पडा, पण ऑफर आली की तिचीही स्लिप बनवा. समजा 5.40 लाखांची आली. बेसिक 22,500, पीएफ पूर्ण बेसिकवर म्हणून दोन्हीकडून प्रत्येकी 2,700, व्हेरिएबल 10 टक्के, विमा तेवढाच, ग्रॅच्युइटी आणि प्रोफेशनल टॅक्स मागच्याच हिशोबाने. हातात 33,318 येतील. पॅकेज 50 टक्क्यांनी वाढलं, हातातला पैसा 42 टक्क्यांनी. वाढ चांगलीच आहे, पण ऑफिस पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, खराडीला असेल तर वाकडची खोली पुन्हा बदलावी लागेल, तेही धरा. जॉइनिंग बोनस वर्षाच्या आत सोडल्यास परत द्यावा लागतो का, तेही पत्रात वाचा.

इथे माझं सांगते. 2016 साली एका कंपनीच्या एचआरने फोनवर सांगितलं, 'तुमचं फायनल आहे, लेटर आठवड्यात येईल.' तेवढ्या बोलण्यावर मी राजीनामा दिला. नोटीस संपली तरी लेटर आलं नाही, नंतर कळलं की ती जागाच थांबवली. दोन महिने दहा दिवस मी कर्वेनगरच्या खोलीत बसून होते. बोअरच्या मोटरसाठी ठेवलेल्या तुरीच्या पैशातून बाबांनी माझ्या कर्जाचे हप्ते भरले. मोटर पुढच्या वर्षी आली. म्हणून माझी एक अट आहे: सही-शिक्क्याची ऑफर हातात आल्याशिवाय पेपर टाकायचे नाहीत, आणि तीन महिन्यांचा खर्च बँकेत हवा.

बाँडवर, म्हणजे ठरावीक वर्षं नोकरी सोडणार नाही, सोडली तर पैसे भरीन अशा करारावर, सही केली असेल तर ते पान पुन्हा वाचा. 'बाँड कोर्टात टिकत नाही' असं हॉस्टेलमध्ये सर्रास सांगतात. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची तीन वर्षांची अट आणि 2 लाखांची भरपाई वैध ठरवली आहे. प्रत्येक बाँड टिकेल असा याचा अर्थ नाही, पण रक्कम मोठी असेल तर वकिलाला दाखवूनच ठरवा. नोटीस 90 दिवसांची असेल तर नव्या कंपनीला पहिल्याच फोनवर सांगा. बायआउट, म्हणजे नोटीस पूर्ण न करता निघण्यासाठी भरायचे पैसे, कोण भरणार ते लेखी घ्या.

राजीनामा मेलवरच द्या आणि शेवटच्या दिवसाची तारीख मेलवरच मागा. लॅपटॉप परत करण्याआधी स्वतःच्या स्लिपा, फॉर्म 16 (पगार आणि कापलेल्या कराचा दाखला) आणि हाइकची पत्रं उतरवून ठेवा. कंपनीच्या बाकी फायलींना हात लावू नका. रिलीव्हिंग लेटरचा, म्हणजे नोकरीतून मोकळं केल्याच्या पत्राचा, पाठपुरावा सोडू नका, पुढच्या कंपनीच्या तपासणीत ते मागतात. पीएफ काढून खर्च करायचा मोह होईल. त्याऐवजी तोच यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा नंबर) नव्या कंपनीला द्या आणि रक्कम ट्रान्सफर करा. नोकरीची पाच वर्षं व्हायच्या आत काढली तर कर लागू शकतो, ट्रान्सफर केली तर जुनी वर्षं त्या पाचात मोजली जातात.

पेपर टाकल्यावर कंपनीने पगार वाढवून थांबायला सांगितलं, तर मी थांबणार नाही. जानेवारीत मागितलेला आकडा त्यांना मार्चमध्ये देता येत असेल, तर तो जानेवारीतही देता आला असता.

भावाने सोमवारी पेपर टाकले नाहीत. 12 जानेवारीची वेळ मॅनेजरकडून घेतली आहे. येत्या शनिवारी आम्ही दोघं वाकडला खोल्या बघायला जातोय.