पणतीची ज्योत हलवताना: जिंपमधला माझा अनुभव

आईने लावलेल्या पणतीच्या एका फोटोवरून दिवाळीच्या शुभेच्छापत्रासाठी हलत्या ज्योतीचं जीआयएफ करायचं होतं. जिंप या चित्र-संपादनाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पार्श्वभूमी काढली, चित्राचा भाग ओढून वाकवणाऱ्या वॉर्प टूलने ज्योत जराजराशी वाकवत 6 लेयर (एकावर एक ठेवलेले चित्राचे थर) केले (सगळ्यात खालचा लेयर म्हणजे पहिली फ्रेम, हे लक्षात असू द्या) आणि प्रत्येक फ्रेमला 100 मिलिसेकंद दिले. ज्योत हलली, पण आधीच्या सगळ्या ज्योती मागे साचून राहिल्या.

दोन संध्याकाळी मी लेयर पुसत बसलो. दोष चित्रात नव्हताच! एक्स्पोर्टच्या खिडकीत ‘कम्बाइन’ निवडलेलं होतं, म्हणून नवी फ्रेम जुनीवर चढत होती. ‘रिप्लेस’ निवडलं आणि जुनी फ्रेम पुसली जाऊ लागली.

उरली दातेरी कड. जीआयएफमध्ये पिक्सेल एकतर पूर्ण पारदर्शक, नाहीतर पूर्ण भरीव. अधलंमधलं काही नाही. ज्योतीची तर सगळी शोभा त्या विरत जाणाऱ्या कडेत. शेवटी जिंपच्या टूलबॉक्समधला बॅकग्राउंड रंग शुभेच्छापत्राइतकाच गडद निळा ठेवून प्रत्येक लेयरवर सेमी-फ्लॅटन फिल्टर चालवला; तो अर्धपारदर्शक पिक्सेलमध्ये हा रंग मिसळून ते भरीव करतो. कड त्या निळ्यात मऊ मिसळली. पत्राचा रंग बदलला, तर मात्र हे पुन्हा करावं लागतं.