एकाच नावाच्या ग्रीक व्यक्ती वेगळ्या कशा ओळखाव्यात

बडोद्यात नुसते ‘सयाजीराव’ म्हटले, तर १८७५ ते १९३९ या काळात राज्य करणारे तिसरे सयाजीरावच मनात येतात. परंतु जुना कागद वाचणाऱ्याने आधी सन पाहावा, कारण त्याच नावाचे दोन राजे त्यांच्यापूर्वी होऊन गेले. ग्रीक ग्रंथ वाचताना मात्र सनाआधी पित्याचे नाव शोधावे. होमरच्या ‘इलियड’मध्ये दोन एजॅक्स आहेत: सालामिसचा, तेलामोनचा पुत्र, धिप्पाड आणि प्रचंड ढाल बाळगणारा, दुसरा लोक्रिसचा, ओइलियसचा पुत्र, चपळ धावणारा. पित्याचा उल्लेख नसेल, तर ही वर्णने उपयोगी पडतात.

थ्युसिडिडीसच्या बाबतीत सर्वाधिक जपावे, असे मला वाटते, कारण दोघेही अथेन्सचे आणि इसवी सनपूर्व पाचव्या शतकातले असल्याने तेथे गाव किंवा काळ कामाला येत नाही: ओलोरसचा पुत्र इतिहासकार, तर मेलेसियसचा पुत्र पेरिक्लीसचा राजकीय विरोधक. तत्त्वज्ञ झेनोंना गाव पुरते. एलियाचा झेनो विरोधाभासांसाठी प्रसिद्ध, सिटियमचा स्टोइक पंथाचा संस्थापक. टिपण काढताना नावाबरोबर पिता किंवा गाव त्याच ओळीत लिहावे, नंतरसाठी ठेवू नये.