क्विझला निघताय? मग आधी एवढं बघून घ्या

संभाजीनगर, नांदेड, लातूर सोडून आता तालुक्याच्या कॉलेजांच्याही टीमा क्विझला येऊ लागल्यात, लई भारी वाटतं बघून. पण प्रिलिम्सचा, म्हणजे पहिल्या लेखी चाळणीचा, पेपर देऊन यातली बरीच पोरं परतीच्या एसटीची चौकशी करत बसतात आणि स्टेजवर परत तेच जुने चेहरे.

सगळ्यात आधी टीम. तिघंही एमपीएससीवाले घेऊ नका, तिघांना सेम गोष्टी पाठ असतील तर तो एकच माणूस झाला ना. एक इतिहास-पेपरवाला, एक सिनेमा-क्रिकेटवाला आणि सायन्सची एखादी पोरगी, तिला बाकी काही येत नसलं तरी चालतंय. नियम नीट वाचा, टीम दोघांची का तिघांची, पीजीवाले चालतात का, उत्तर मराठीत दिलं तर चालतं का. हे शेवटचं फोन करून विचाराच, स्लाइड बहुतेक इंग्रजीत असतात आणि मराठी मीडियमची लेकरं उत्तर येत असून स्पेलिंगच्या धाकानं गप्प बसतात. बोनाफाइड आणि प्राचार्यांचं पत्र आठवडाभर आधी काढा, ऐनवेळी ऑफिसात सही करणारेच जागेवर नसतात.

अभ्यासाचं म्हणाल तर इयरबुक पाठ करायचा नाद सोडा. मराठवाडा मुक्तिसंग्राम १७ सप्टेंबर १९४८, हे सगळ्यांनाच येतं म्हणून कुणी सरळ विचारत नाही. विचारतात असं, की १९९३ साली एका गावातले लोक गणपती बुडवून उशिरा झोपले, पहाटे चारच्या आत जे झालं त्यानं दख्खनच्या पठाराला धोका नाही ही समजूतच मोडली, गाव कोणतं? किल्लारीचा भूकंप माहीत नाही असं लातूर-धाराशिवचं लेकरू सापडायचं नाही, पण गणपती, पहाट, पठार हे धागे जोडत तिथवर जाता आलं पाहिजे, आणि ते प्रश्न सोडवून कमी, स्वतः बनवून जास्त येतं. ग्रुपवर रोज प्रत्येकानं एक प्रश्न टाकायचा. कनेक्ट राउंडसाठी, म्हणजे सगळ्यांतला समान धागा ओळखायच्या फेरीसाठी, पैठण, नरसी, गंगाखेड, जांब असे चार फोटो टाका, बघा संतांची जन्मगावं कोण पटकन ओळखतंय. आणि लोणार बुलढाण्यात आहे, म्हणजे विदर्भात, तिथं फसू नका!

प्रिलिम्सला निगेटिव्ह मार्किंग नसेल तर एकही जागा कोरी सोडायची नाही, स्टारची खूण केलेले प्रश्न तर अजिबातच नाही, टाय झाली की आत कोण बाहेर कोण ते त्यांच्यावरच ठरतं. फायनलला पाउन्स असतो, म्हणजे आपली पाळी नसतानाही चिठ्ठीवर उत्तर लिहून देता येतं, म्हणून वहीच्या पानाचे चार-चार तुकडे करून प्रत्येकावर टीम नंबर आधीच टाकून ठेवा, व्हॉलंटिअर समोर उभा असताना पेन शोधत बसायला वेळ नसतो. पाउन्स चुकला की मार्क जातात, त्यामुळं तिघांपैकी दोघं ठाम असतील तरच चिठ्ठी द्यायची.

प्रवास आदल्या दिवशीच करा, लातूरहून संभाजीनगर म्हणजे जाण्यातच दिवस मोडतो. पोरींना २०२३ पासून एसटीत हाफ तिकीट आहे, तेव्हा पैशाचं कारण सांगून त्यांना मागं ठेवू नका. जमलं तर एफवायची (पहिल्या वर्षाची) दोन लेकरं ऑडियन्समध्ये बसायला सोबत न्या, स्टेजवर कुणालाच न आलेला प्रश्न ऑडियन्सकडं येतो आणि एखादं चॉकलेट हाती लागलं की पुढच्या वर्षी तीच आपणहून नाव देतात.