कॉम्प्रेसर घरी आणण्याआधी

दुकानात जाण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि गॅरेजमध्ये हवेवर चालवायची सगळी हत्यारे त्यावर लिहून काढा. आज हाताशी असलेली लिहाच, शिवाय वर्षा-दोन वर्षांत घ्यायची मनात आहेत तीही. प्रत्येकापुढे ते मिनिटाला किती हवा खाते आणि किती दाबावर, हे हत्याराच्या माहितीपुस्तिकेतून उतरवून घ्या. ही यादी हातात नसताना केलेली खरेदी बहुतेक वेळा टाकीचा आकार पाहून होते. मीही पहिला कॉम्प्रेसर तसाच घेतला होता. टाकी मोठी, दिसायला दणकट, पण सँडर (पृष्ठभाग घासून गुळगुळीत करणारे हत्यार) लावला की अर्ध्या मिनिटात धाप लागायची.

आकडे दोन भाषांत भेटतील. हवेसाठी 1 सीएफएम (मिनिटाला एक घनफूट) म्हणजे मिनिटाला साधारण 28 लीटर आणि दाबासाठी 1 बार म्हणजे 14.5 पीएसआय, एवढे कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवले की भागते. बहुतेक हत्यारांची भूक 90 पीएसआयला, म्हणजे 6.2 बारला मोजलेली असते. टायरमध्ये हवा भरणे, धूळ उडवणे, छोटे खिळे मारणारा नेलर यांना फार हवा लागत नाही. नट-बोल्ट खोलणाऱ्या अर्ध्या इंची इम्पॅक्ट गनला सरासरी 4 ते 5 सीएफएम लागते, पण ती थांबत थांबत चालते, त्यामुळे टाकीला उसंत मिळते. खरी खादाड हत्यारे म्हणजे सँडर, ग्राइंडर, स्प्रे गन. एकटा सँडरच 8 ते 12 सीएफएम सतत ओढतो. सँडब्लास्टिंग, म्हणजे हवेने वाळूचा मारा करून गंज-रंग काढणे, मनात असेल तर तो विचार वेगळाच करा, घरगुती कॉम्प्रेसर त्यात लवकर दमतो.

आता यादीतल्या सगळ्यात खादाड हत्याराभोवती गोल करा. गॅरेजमध्ये माणूस एकटा असतो, एका वेळी एकच हत्यार चालते, म्हणून बेरीज करायची गरज नाही. त्या एका आकड्याच्या दीडपट हवा देणारा कॉम्प्रेसर शोधायचा. अट एवढीच, की आकडा प्रत्यक्ष बाहेर मिळणाऱ्या हवेचा हवा, म्हणजे एफएडी. पाटीवर पुष्कळदा पिस्टन किती हवा ओढतो तेच मोठ्या अक्षरात लिहिलेले असते. दाबावर बाहेर पडणारी हवा त्याहून पाव ते एक तृतीयांश कमी, कधी त्याहूनही कमी भरते. पडताळा सोपा आहे: 90 पीएसआयला एका एचपीमागे 3 ते 4 सीएफएम हवा मिळते. 2 एचपीच्या मोटरपुढे 14 सीएफएम लिहिलेले दिसले, तर तो आकडा पिस्टनचा आहे असे धरून चाला. ‘पीक एचपी’कडे, म्हणजे मोटरच्या क्षणभराच्या कमाल ताकदीकडे, बघूच नका. मोटर सतत किती वॅट घेते ते पाहा आणि 746 ने भागा, म्हणजे एचपी निघतो.

टाकीचे गणित एकदा मांडून बघाच. टाकी 50 लीटरची, मोटर 8 बारला बंद होते आणि 6 बारला पुन्हा सुरू होते असे धरा. या दोन बारांत साठलेली हवा झाली 100 लीटर. सँडर मिनिटाला 250 लीटर घेतो, म्हणजे ही शिल्लक 24 सेकंदांत संपली. मग मोटर सुरू झाली आणि ती मिनिटाला 170 लीटर देते. तूट 80 लीटरची, म्हणजे दाब दर मिनिटाला 1.6 बारने उतरणार आणि दोन मिनिटांच्या आत सँडर नुसता पृष्ठभागावर घसरत राहणार. टाकी 100 लीटरची घेतली तर हेच सारे दुप्पट वेळाने घडते, आणि भरायलाही दुप्पट वेळ लागतो. तूट तेवढीच राहते. म्हणून पैसे आधी पंपावर घाला, उरले तर टाकीवर.

कागद दुकानात न्या, आणि मोबाइलमधले घड्याळही वापरा. रिकाम्या टाकीने मशीन सुरू करायला सांगा आणि गेजवर 8 बार दिसेपर्यंत वेळ मोजा. 50 लीटरच्या टाकीत 8 बार म्हणजे 400 लीटर हवा गेली. चार मिनिटे लागली तर पंपाची सरासरी मिनिटाला 100 लीटर, आणि वरच्या दाबाला त्याहून थोडी कमीच. पाटीवर काहीही लिहिलेले असो, हा आकडा तुमच्या डोळ्यांसमोर निघालेला असतो. मोटर बंद होताच ‘फुस्स’ असा छोटा आवाज आला पाहिजे. पंप आणि टाकी यांच्यामधल्या नळीत अडकलेला दाब तेव्हा सुटतो. तो सुटला नाही तर पुढच्या वेळी मोटरला दाबाविरुद्ध सुरू व्हावे लागते, ती गुरगुरते, तापते आणि शेवटी जळते. थोडी हवा सोडून मोटर भरल्या टाकीवर पुन्हा सहज उचलते का, तेही तिथेच बघा.

प्रकार निवडताना माझे मत स्पष्ट आहे. जागा आणि वजन यांची अडचण नसेल तर तेलाचा, पट्ट्यावर चालणारा पंप घ्या. तो सावकाश फिरतो, कमी तापतो, आवाजही खालच्या पट्टीतला असतो, आणि रिंग, व्हॉल्व्ह, पट्टा असे भाग बदलता येतात. बिनतेलाचा हलका असतो, उचलून कुठेही नेता येतो, पण त्यातले बरेचसे कर्कश असतात. आवाज 85 डेसिबलच्या पुढे जात असेल तर कानांची सोय यादीत लिहा. पंपाचे सुटे भाग मिळतात का, हे पैसे देण्याआधी विचारायचे.

टाकीबाबत मात्र तडजोड करू नका. तिच्यावर कमाल दाब आणि निर्मितीचे वर्ष कोरलेली पाटी हवी, सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढल्यावर हवा सुटली पाहिजे. जुने मशीन घेत असाल तर टाकीतले पाणी काढायची तळाची कळ उघडा. गंजाचे पाणी, पापुद्रे किंवा तळावर वेल्डिंगचे ठिगळ दिसले तर किंमत कितीही कमी असो, परत फिरा. टाकी आतून गंजते, बाहेरचा रंग ताजा असतो आणि फुटते तेव्हा सावध व्हायला वेळ देत नाही. शंका असेल तर पाणी भरून दाबचाचणी करून घ्या. पाणी दबत नाही, त्यामुळे चाचणीत टाकी फाटली तरी स्फोट होत नाही.

मशीन येण्याआधी गॅरेजमध्ये त्याच्यासाठी स्वतंत्र वीजजोडणी करून ठेवा. सुरू होताना मोटर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते, आणि लांब, बारीक एक्स्टेन्शनवर तिला पुरेसा व्होल्टेज पोहोचत नाही. पोहोच वाढवायची असेल तर वायर नको, होज लांब घ्या, आणि मोठ्या हत्यारांसाठी आतून 10 मिलिमीटरचा. भिंतीवरून लाइन टाकताना पाण्याची पीव्हीसी पाइप वापरू नका, दाबाखाली तिचे टोकदार तुकडे उडतात. रंगकाम करणार असाल तर पाणी अडवणारा फिल्टर लागेलच.

पहिल्या दिवशी मशीन सपाट जागेवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा. तेल कॉम्प्रेसरचेच, काचेवरच्या खुणेपर्यंत. माहितीपुस्तिकेत सांगितले असेल तितका वेळ तळाची कळ उघडी ठेवून मोकळे चालवा, म्हणजे रिंगा बसतात. मग टाकी भरा, प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावा, बुडबुडे दिसतील तिथे दाब सोडून टेफ्लॉन टेप गुंडाळा. पुन्हा भरून, प्लग काढून, गेजचा आकडा लिहून ठेवा. सकाळी तो किती उतरला ते पाहा, आणि तळाची कळ उघडून रात्रीचे पाणी काढून टाका.