सोलापूरच्या उन्हाळ्यात लोरीची वाटी

लोरी दिसायला पोपट, पण खाणं पोपटाचं नाही. तिचं मूळ घर मोलुक्का बेटं, न्यू गिनी आणि पॅसिफिकमधली बेटं. तिथे ती फुलांतला मकरंद, पराग आणि मऊ फळं खाते. जिभेच्या टोकाला बारीक तंतूंचा झुबका असतो, त्यानेच ती रस टिपते. दाणे दळणारी पोटातली पेषणी मात्र दुबळी. म्हणून सूर्यफूल, भिजवलेली डाळ, भाकरीचा तुकडा तिच्यासाठी नाहीच.

तयार लोरी पावडर पाकिटावरच्या मापाने, उकळून कोमट केलेल्या पाण्यात कालवून मकरंदासारखं पेय, म्हणजे नेक्टर बनवा. लाल लोरीला सकाळी आणि संध्याकाळी ३० ते ५० मिली देऊन पाहा. वाटीत उरलं की पुढच्या वेळी कमी करा. सोबत पपई, डाळिंबाचे दाणे. डाळिंबाला सोलापुरात तोटा नाही.

गोडीसाठी गूळ घालायचा मोह होतो. घालू नका. लोरीच्या यकृतात लोह साठून राहतं आणि गुळात ते भरपूर असतं. लिंबू-संत्री, पेरूही बेतानेच, क जीवनसत्त्वामुळे लोह जास्त शोषलं जातं.

खरा घोळ होतो तो वाटीत. एप्रिल-मे महिन्यात पारा ४० च्या वर गेला की नेक्टर बघता बघता आंबतं. दीड-दोन तासांत वाटी उचला, आंबट वास येण्याची वाट पाहू नका. दोन स्टीलच्या वाट्या ठेवा. एक पिंजऱ्यात, दुसरी घासून उकळत्या पाण्यातून काढलेली. नळाला काही दिवसांआड पाणी येतं म्हणून नुसतं विसळून भागवलं, की कडेच्या चिकट थरात बुरशी धरते. चोचीच्या आत पांढरे चट्टे दिसले तर पक्ष्यांच्या डॉक्टरांकडेच न्या, घरगुती उपाय नकोत.

पंख अंगापासून दूर धरून, चोच उघडी ठेवून धापा टाकत असेल तर तिला ऊन बाधलंय. लगेच सावलीत घ्या, अंगावर साध्या पाण्याचा फवारा मारा. बर्फाचं पाणी नको. कूलर लावला तर समोरची खिडकी उघडी हवी. बंद खोलीत दमटपणा वाढतो आणि धापा टाकूनही तिचं अंग थंड होत नाही.

पिंजरा एकट्या पक्ष्याला निदान ३ फूट लांब, २ फूट रुंद, ३ फूट उंच. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी नको, लोरी ती चावते आणि जस्ताची विषबाधा होते. विष्ठा पातळ, तीही पिचकारीसारखी दूर उडते. मागच्या भिंतीला प्लास्टिकचा पत्रा लावा, तळाचा कागद रोज बदला.

विदेशी पक्षी असला तरी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद हवी, २०२४ चे नियम आहेत. विकणाऱ्याकडून कागद घेतल्याशिवाय पैसे मोजू नका.

आणि मुंग्या. गोड वासाला त्या येणारच. पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. मुंग्या मारायच्या खडूची रेघ ओढू नका, त्यात कीटकनाशक असतं.