व्हिडिओ गेला, कॅप्शन चुकलं: दुरुस्त करताना या चुका टाळा

भाजल्यावर लगेच काय करावं, हे सांगणारा एक छोटा व्हिडिओ मी काही वर्षांपूर्वी केला होता. बोलणारी बाई अगदी स्पष्ट सांगते, "भाजलेल्या जागी बर्फ लावू नका. वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा." खालच्या कॅप्शनमध्ये मात्र आधी आलं "भाजलेल्या जागी बर्फ लावू", आणि पुढच्या कॅप्शनमध्ये "नका वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा". एकही शब्द चुकलेला नाही, शुद्धलेखन बिनचूक. फक्त वाक्य चुकीच्या जागी तुटलं आणि दोन्ही सूचना उलट्या झाल्या. एका कर्णबधिर प्रेक्षकाने कमेंटमध्ये विचारलं, "म्हणजे बर्फ लावायचा आणि पाणी टाळायचं का?"

मी घाबरले आणि व्हिडिओ काढून टाकला. कॅप्शन नीट करून पुन्हा चढवला. ही माझी दुसरी चूक, आणि ती पहिलीपेक्षा मोठी होती. व्हिडिओबरोबर तो प्रश्नही गेला. ज्याने विचारलं होतं त्याला उत्तर मिळालंच नाही. ज्यांनी आधीची लिंक पुढे पाठवली होती, त्यांच्याकडे उघडायला काही उरलं नाही. चुकीचं कॅप्शन वाचून गेलेल्या माणसांपर्यंत पोहोचायची एकमेव वाट मी स्वतःच बंद केली होती.

तेव्हापासून चूक सापडली की मी आधी हात आवरते आणि एकच गोष्ट बघते: ही चूक नेमकी कुठे आहे?

चूक कोणत्या थरात आहे ते न पाहणं

आपण "कॅप्शन" हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो, आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे. पहिलं म्हणजे पोस्टसोबत लिहिलेला मजकूर. तो प्रसिद्ध झाल्यावरही बदलता येतो. इन्स्टाग्रामवर त्याला २,२०० अक्षरांची मर्यादा आहे, यूट्यूबच्या वर्णनाला ५,००० आणि शीर्षकाला १००. फेसबुकवर बदल केला तर जुना मजकूर 'एडिट हिस्टरी'त वाचता येतो, हे लक्षात ठेवा. इथे फार काही सांगण्यासारखं नाही. उघडा, दुरुस्त करा, सेव्ह करा.

दुसरं म्हणजे व्हिडिओपासून वेगळा असलेला सबटायटलचा ट्रॅक, जो प्रेक्षक चालू-बंद करू शकतो. चित्राला हात न लावता तो बदलता येतो. लिंक तीच राहते, व्ह्यूज आणि कमेंट जागच्या जागी राहतात.

तिसरं म्हणजे चित्रातच पक्की झालेली अक्षरं. एडिटिंग करताना टाकलेली, रंगीत, उड्या मारत येणारी. एक्स्पोर्ट झाल्यावर ती अक्षरं राहत नाहीत, चित्राचा भाग होतात. ती नंतर खोडता येत नाहीत.

ओळखायचं कसं? व्हिडिओ लावा आणि प्लेअरमधली कॅप्शन बंद करा. अक्षरं गेली तर वेगळा ट्रॅक आहे. तशीच राहिली तर ती चित्रात आहेत. एवढी तपासणी न करता लोक तासभर सेटिंग शोधत बसतात किंवा थेट डिलीटचं बटण दाबतात.

यंत्राचं ऐकलेलं खरं मानणं

यूट्यूबने आपोआप तयार होणारी कॅप्शन २००९ साली आणली. तेव्हापासून ती पुष्कळ सुधारली आहेत, पण मराठी बोलणाऱ्याने त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा असं मला अजून वाटत नाही. पहिली गोष्ट म्हणजे व्हिडिओची भाषा. ती चुकून हिंदी निवडलेली असेल तर 'ळ'चा 'ल' होतो, आणि मराठीत त्याने शब्द नुसता विचित्र दिसत नाही, वेगळाच होतो. 'मूळ कारण'चं 'मूल कारण', 'वेळ'ची 'वेल', 'काळ'चा 'काल'. चुका अशा दिसू लागल्या तर एकेक शब्द दुरुस्त करत बसू नका. आधी भाषेचं सेटिंग बघा.

ऱ्हस्व-दीर्घाकडेही कानाडोळा नको. 'शिर' म्हणजे डोकं आणि 'शीर' म्हणजे रक्तवाहिनी. आरोग्याच्या व्हिडिओत हा फरक शुद्धलेखनाचा राहत नाही.

पण सगळ्यात धोकादायक जागा म्हणजे वाक्याचा शेवट. मराठीत नकार शेवटी येतो. 'करू नका', 'चालत नाही', 'गरज नव्हती'. बोलताना आपला आवाजही शेवटीच खाली जातो. मी तपासलेल्या कितीतरी ट्रॅकमध्ये नेमकं तेवढंच 'नाही' गळलेलं असतं, किंवा माझ्या व्हिडिओत झालं तसं पुढच्या वाक्याला चिकटलेलं असतं. क्रियापद आणि त्याचा नकार कधीही दोन कॅप्शनमध्ये तोडू नका. जागा पुरत नसेल तर वाक्य अलीकडे तोडा. वेळ कमी असेल आणि सगळं तपासणं शक्य नसेल, तर निदान सगळे नकार, सगळे आकडे आणि सगळी नावं ऐकून पाहा. बाकीचं उद्या करता येईल.

यूट्यूब स्टुडिओत 'सबटायटल्स'मध्ये जाऊन आपोआप आलेला ट्रॅक दुरुस्त करायला 'डुप्लिकेट अँड एडिट' निवडावं लागतं. त्यातून तुमची स्वतंत्र प्रत तयार होते. ती प्रसिद्ध केल्यावर प्रेक्षकाच्या बाजूने यादी उघडून बघा, कारण जुना स्वयंचलित ट्रॅक तिथेच शिल्लक असू शकतो आणि कुणीतरी तोच लावून बसलेलं असू शकतं. पूर्वी प्रेक्षकही कॅप्शन सुचवू शकत. ती सोय यूट्यूबने २०२० च्या सप्टेंबरात बंद केली. आता ही जबाबदारी पूर्णपणे चॅनेल चालवणाऱ्यावर आहे.

दुसऱ्या भाषेतलं सबटायटल तुम्ही वेगळं चढवलेलं असेल तर मराठी ट्रॅक सुधारल्याने ते सुधारत नाही. माझ्या बर्फाच्या वाक्याचा इंग्रजी अनुवादही त्याच तुटलेल्या ओळींवरून झाला होता.

फाइल चढते, पण अक्षरं येत नाहीत

ट्रॅक उतरवून घ्यायचा, कंप्युटरवर सुधारायचा आणि परत चढवायचा, हा मार्ग लांब व्हिडिओसाठी सोयीचा आहे. आधी मूळ फाइलची एक प्रत बाजूला ठेवा. मग पुढचे अडथळे येऊ शकतात.

सगळीकडे प्रश्नचिन्हं किंवा चौकोन दिसले, किंवा डोक्यावर टोप्या घातलेली परकी अक्षरं दिसली, तर फाइल यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिपींची अक्षरं साठवायची पद्धत) सेव्ह झालेली नाही किंवा तशी वाचली गेलेली नाही. नोटपॅडमध्ये 'सेव्ह अ‍ॅज' करताना खाली एन्कोडिंगचा रकाना असतो, तिथे ते निवडा. प्रश्नचिन्हं फाइलमध्येच उमटली असतील तर मूळ मजकूर गेला असं समजा; तेव्हा ती बाजूला ठेवलेली प्रत कामाला येते. आणि मजकूर इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग होऊन आला असेल, तर तो बहुधा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला आहे. तो फाँट ज्याच्याकडे आहे त्याच्याच पडद्यावर ते मराठी दिसतं. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या उपकरणांवर सारखंच वाचलं जाणाऱ्या अक्षरांत, बदलून घेण्याला पर्याय नाही.

फाइल चढतच नसेल तर वेळेच्या ओळी बघा, म्हणजे प्रत्येक कॅप्शन कधी दिसावं ते सांगणाऱ्या. सबटायटलच्या फाइलचे एसआरटी आणि व्हीटीटी असे दोन प्रकार नेहमी भेटतात. एसआरटी फाइलमध्ये सेकंद आणि मिलिसेकंदांच्या मध्ये स्वल्पविराम असतो, व्हीटीटी फाइलमध्ये टिंब. नुसतं फाइलच्या नावाचं शेपूट बदलून एकीची दुसरी होत नाही. आणखी एक चूक केवळ आपल्यासारख्यांकडून होते: मराठी कीबोर्ड चालू असताना वेळेच्या ओळीत १, २, ३ देवनागरीत टाइप होतात. माणसाला ते आकडे वाटतात, प्लॅटफॉर्मला वाटत नाहीत. मजकुरात देवनागरी अंक खुशाल वापरा, वेळेच्या ओळीत मात्र इंग्रजीच हवेत. फेसबुकला तर फाइलच्या नावातच भाषा लागते: नाव, टिंब, भाषेचा कोड, अंडरस्कोर, देशाचा कोड आणि मग एसआरटी. मराठीसाठी तो कोड 'एमआर' आणि 'आयएन'.

'दुसऱ्या'चं 'दुसर्या' झालेलं दिसलं तर तो टायपिंगचा दोष आहे. त्या अर्ध्या र साठी नुक्ता असलेला 'ऱ' वापरून मग 'या' जोडा. एरवी बिनचूक असलेल्या ट्रॅकमध्येही ही चूक ओळीओळीला भेटते, आणि मराठी वाचणाऱ्याच्या डोळ्यात ती खुपते.

एकगठ्ठा शोधा-आणि-बदला करताना जपून. 'राम'च्या जागी 'रामराव' हवं म्हणून सगळीकडे बदल केलात तर 'आराम'चा 'आरामराव' होईल. प्रत्येक बदल बघून पुढे जा.

सगळंच पुढे-मागे येतंय

टाइमिंग बिघडलं की लोक प्रत्येक ओळ हाताने सरकवू लागतात. त्याआधी दोन जागा तपासा: सुरुवातीचं एक वाक्य आणि शेवटचं एक वाक्य. दोन्हीकडे फरक सारखाच असेल, समजा कॅप्शन चार सेकंद आधी येतंय, तर बहुधा कॅप्शन केल्यावर कुणीतरी सुरुवातीला लोगो किंवा ओळखीचा तुकडा जोडला आहे. सगळा ट्रॅक एका झटक्यात चार सेकंद पुढे सरकवला की काम झालं.

सुरुवातीला बरोबर आणि शेवटाकडे फरक वाढत जात असेल तर गोष्ट वेगळी. तिथे बहुधा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, जुळत नाही. सेकंदाला २४ फ्रेमच्या आवृत्तीवर बेतलेली वेळ २५ फ्रेमने धावणाऱ्या आवृत्तीला लावली, तर दहा मिनिटांत सुमारे २४ सेकंदांचा फरक पडतो. सरकवून हे कधीच जुळणार नाही. सगळ्या वेळा त्या प्रमाणात आकसाव्या लागतात. 'सबटायटल एडिट' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही कामं होतात.

वाचायला वेळ पुरत नाही ही तक्रार वेगळी. नेटफ्लिक्सच्या इंग्रजी सबटायटलमध्ये एका ओळीत ४२ अक्षरं आणि एका वेळी दोनच ओळी असा नियम आहे. देवनागरीत हा आकडा जसाच्या तसा लावू नका. 'क्षत्रिय' डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, पण युनिकोडमध्ये ती आठ चिन्हं आहेत. सॉफ्टवेअर 'ओळ लांब झाली' म्हणेल तेव्हा त्याने काय मोजलंय ते बघा, आणि शेवटी मोबाइल हातात धरून स्वतः वाचा.

चित्रातच चूक असेल तर

यूट्यूबवर प्रसिद्ध झालेल्या व्हिडिओची फाइल बदलून त्याच लिंकवर नवी टाकता येत नाही. पूर्वी लोक चुकीच्या जागी 'अ‍ॅनोटेशन'ची पट्टी चिकटवत. १५ जानेवारी २०१९ पासून त्या पट्ट्या दिसेनाशा झाल्या आणि त्यावर टेकलेल्या सगळ्या दुरुस्त्याही गेल्या. स्टुडिओतल्या एडिटरमध्ये चुकीचा तुकडा कापता येतो. मात्र व्हिडिओने १,००,००० व्ह्यूज ओलांडले असतील आणि चॅनेल पार्टनर प्रोग्राममध्ये (यूट्यूबवरून कमाई करू देणारी योजना) नसेल, तर हे बदल सेव्ह न होण्याची शक्यता असते. कापल्यावर सबटायटल पुन्हा तपासा.

फारसा कुणी न वापरलेला एक चांगला उपाय आहे. व्हिडिओच्या वर्णनात, चॅप्टर्सची (व्हिडिओच्या भागांच्या वेळांची) यादी असेल तर तिच्या खाली, 'करेक्शन' हा शब्द इंग्रजी लिपीत लिहून पुढे कोलन द्यायचं. व्हिडिओ मराठी असला तरी तो शब्द इंग्रजीतच हवा. खालच्या ओळीत चुकीची वेळ आणि दुरुस्ती. त्या क्षणी प्रेक्षकाला दुरुस्तीची खूण व्हिडिओवरच दिसते. जोडीला पिन केलेली कमेंट ठेवा.

रीलमध्ये यातलं काही नाही. तिथे पोस्टच्या मजकुराच्या पहिल्या ओळीत दुरुस्ती लिहायची, कारण बाकीचा मजकूर दुमडलेला असतो. चूक जीवावर बेतणारी असेल, औषधाचा डोस, विजेची जोडणी, तर मात्र रील काढाच. पण आधी नवी चढवा, जुन्या कमेंट वाचून प्रश्न विचारणाऱ्यांना उत्तर द्या, मग जुनी काढा.

अर्थ बदलणारी चूक गुपचूप सुधारणं मला पटत नाही. वेलांटी चुकली तर बदलून मोकळं व्हा. सूचना किंवा आकडा चुकला असेल तर आधी काय लिहिलं होतं आणि आता काय आहे, दोन्ही सांगा. ज्याने जुनं वाचलं त्याला नुसतं नवं बरोबर आहे हे कळून उपयोग नाही. आपण वाचलेलं चूक होतं, हे त्याला कळायला हवं. तोच व्हिडिओ आणखी कुठे टाकलाय तेही आठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या मजकुरात बदल करायला १५ मिनिटंच मिळतात. त्यानंतर त्याच ग्रुपवर नवा निरोप पाठवणं एवढंच हातात राहतं.

सगळं झाल्यावर आवाज पूर्ण बंद करून, लॉग इन न करता, मोबाइलवर व्हिडिओ बघा. जमलं तर विषय माहीत नसलेल्या माणसाला दाखवा आणि "कॅप्शन बरोबर आहेत का" असं न विचारता "काय करायला सांगितलं?" असं विचारा. माझ्या व्हिडिओत आता पहिलं कॅप्शन "भाजलेल्या जागी" एवढंच आहे. दुसरं, "बर्फ लावू नका." तिसरं, "वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा." शेजारच्या मुलाला मी तो आवाज बंद करून दाखवला. तो म्हणाला, "नळाखाली धरायचं. बर्फ नाही."